बोलायची ढाल

आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात काचेचं एक कपाट आहे. त्यात फिरत्या ढाली ठेवलेल्या असतात. लाकडी पाट, त्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर ‘कैलासवासी’ असं लिहून एक नाव, आणि खाली जिंकणाऱ्या मुलांच्या नावांच्या छोट्या पट्ट्या. दरवर्षी गॅदरिंगला ढाल कपाटातून निघते, फोटोपुरती कुणाच्या तरी हातात राहते आणि परत कपाटात जाते.

बा त्या ऑफिसात पहिल्यांदा आला तो माझ्या मोठ्या बहिणीला आठवीत घालायला. आमचा पाडा मोलगीच्याही पुढे, डोंगरात. शाळा खाली सपाटीवर. दोघं पहाटेपासून चालून, मग जीपने आले होते. कारकून दाखला तपासत होता तेवढ्यात बाने त्या कपाटाकडे बोट करून विचारलं, “ही भांडी कसली?”

“भांडी नाहीत, ढाली आहेत,” ताई म्हणाली. “त्यावर मेलेल्या माणसांची नावं लिहिलीत.”

“कशाला?”

तिने एकेक पाटी वाचून सांगितली. ही धावण्याची, ही चित्रांची, ही बोलायची. बाला बोलायची ढाल पटली नाही. बोलण्याचं बक्षीस कशाला, बोलतात तर सगळेच, असं तो घरी येऊन म्हणाला. ताई त्यावर उन्हाळाभर हसत होती.

हे सगळं आमच्या बोलीत झालेलं बोलणं आहे. मी ते मराठीत लिहिते आहे, कारण लिहायला मला तेवढीच भाषा शिकवली गेली.

ताईला जाऊन आता दोन वर्षं होत आली. दिवसकार्य आटोपल्यावर बाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. “शाळेतल्या त्या कपाटात तिचं नाव ठेव,” तो म्हणाला. “बोलायच्या ढालीवर.”

*

शाळेत जुलै महिन्यात मंडळांची वाटणी व्हायची. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना, सांस्कृतिक मंडळ, ग्रंथालय समिती. फळ्यावर नावं लिहिलेली असत आणि कुणाला काय हवं ते विचारायची पद्धत होती. पण ती पद्धत फळ्यापुरतीच होती. सांस्कृतिकचे सर वर्गात येत, बाकांवरून नजर फिरवत आणि बोट दाखवत जात. बाजारपेठेतल्या दुकानदारांची मुलं वाङ्मय मंडळात, कारण त्यांचे उच्चार बरे होते. आसपासच्या गावांतली, घरी अहिराणी बोलणारी मुलं विज्ञान मंडळात नाहीतर हरित सेनेत. आणि मग सर म्हणत, “मोलगी, धडगाव, सगळ्या जणी सांस्कृतिक. तुमच्या अंगातच आहे ते.”

ताई नववीत असताना उभी राहिली. “सर, माझ्या अंगात तर रक्तच कमी आहे. दवाखान्यात सांगितलंय. नाच कुठून असणार?”

वर्ग हसला. सरही हसले. “बघा, बोलते कशी फाडफाड. नाचेलही तशीच.”

“मग मला बोलायलाच घ्या ना सर. वाङ्मय मंडळात.”

“तिकडे जागा भरल्या.”

मी तिच्याहून तीन इयत्ता मागे; ती नववीत गेली तेव्हा मी सहावीत त्याच शाळेत आले, शेजारच्या वसतिगृहात राहिले. मला सांस्कृतिकमध्येही घेतलं नाही. “हिचा आवाजच निघत नाही,” सर म्हणाले. “हिला ग्रंथालयात टाका, पुस्तकांना आवाज लागत नाही.” ते टोमणा म्हणून बोलले, आणि मला आयुष्यभर पुरेल असं काम देऊन गेले. आज मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते. पण मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत आणि मानणार नाही.

ताईचं रक्त कमी होतं म्हणजे तिला सिकलसेल होता. आमच्याकडे पुष्कळांना असतो. थंडी पडली की तिचे सांधे ठणकत. आणि नाचाची तालीम नेमकी डिसेंबरात, सकाळी, दवाने ओल्या मैदानावर. ती तालमीहून आली की मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बाटली मागून आणायची आणि ती गुडघ्यांत धरून बसायची. बसल्या बसल्या भाषण पाठ करायची. वाङ्मय मंडळात नसली तरी वक्तृत्व स्पर्धेत नाव कुणालाही देता यायचं, तेवढं तिने शोधून काढलं होतं.

सुट्टीत घरी गेली की ती हेच करायची. बा खळ्यात काम करत असला की समोरच्या दगडावर चढून उभी राहायची. “अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो.” बाला बाजारापुरती मराठी येते. त्याला त्यातलं फार कळायचं नाही. तो हातातलं काम न थांबवता ऐकायचा आणि ती थांबली की म्हणायचा, “पुढे?” म्हशी बांधायची वेळ झाली तरी तिचं संपायचं नाही. आई वैतागून म्हणायची, “तो अध्यक्ष कोण आहे त्याला जेवायला बोलव, म्हणजे ही गप्प बसेल.”

*

दहावीच्या वर्षी ताई शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. विषय तिने स्वतः घेतला होता, आमच्या पाड्याची वाट. पहिल्या येणाऱ्या मुलाने गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांसमोर भाषण करायचं, ही शाळेची जुनी रीत. ताईने मोलगीच्या बाजाराला जाणाऱ्या एका माणसाबरोबर बाला निरोप पाठवला, की ये, मी स्टेजवर बोलणार आहे.

आणि त्याच कार्यक्रमात नाचातही ती मधोमध होती. सरांनी तिला सांगितलं होतं, “भाषण तुझंच. पण आधी नाच होऊ दे, पाहुण्यांना तो बघायचाय.” तिने मान्य केलं. नाच झाला की कपडे बदलून बोलायचं, असं ठरलं.

गॅदरिंगच्या दुपारी भाड्याचे पोशाख घेऊन ड्रेपरीवाला आला. त्याच्या पेटीतून पत्र्याचे दागिने निघाले, मोरपिसांचे टोप निघाले आणि तळातून घुंगरं लावलेले भोपळ्यांचे पट्टे निघाले. भोपळे खरे नव्हते, कागदाच्या लगद्याचे होते, वर चुन्याचे ठिपके.

हे इथे सांगायला हवं, कारण खालच्या लोकांना ते माहीत नसतं. कंबरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं आमच्याकडे होळीला बांधतात. ते पुरुष बांधतात, तेही सगळे नाही. ज्याने नवस केला तोच. त्याआधी किती तरी दिवस तो खाटेवर बसत नाही, पायात काही घालत नाही, बाईच्या हातचं खात नाही. होळी झाली की सगळं उतरवून ठेवतो. बाने स्वतः आमच्या आईच्या आजारपणात तो नवस केला होता. ही पाळणूक न करता तो पट्टा घरात कुणी हातातही घ्यायचा नाही.

ताईने पट्टा पेटीत परत ठेवला. “सर, हे मुली घालत नाहीत. हे नवसाचं असतं.”

“अगं, ते होळीला. ही काय होळी आहे?”

“म्हणूनच म्हणते.”

“हे बघ, हे कागदाचे आहेत. कागदाला कसला नवस?” सर ड्रेपरीवाल्याकडे बघून म्हणाले. तो आपला टाचण्या मोजत होता. “मधल्या मुलीने घातलं नाही तर ओळच दिसत नाही. मग नाच कॅन्सल करतो. आणि नाच कॅन्सल तर तुमच्या भाषणाचंही बघू.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाच्या दारात तिचे बदलायचे कपडे घेऊन उभी होते. मग तिने हात वर केले आणि ड्रेपरीवाल्याने तिच्या कंबरेला पट्टा बांधला. चेहऱ्यावर आणि हातांवर चुन्याचे ठिपके काढले. पाहुण्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

बा तिसऱ्या की चौथ्या रांगेत बसला होता, धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. पडदा उघडला. ढोल वाजला. मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याने तिला ओळखलं तो क्षण मला कळला, कारण पिशवीतल्या शेंगांचा आवाज झाला. मग तो उठला, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेला. मी गेटपर्यंत मागे गेले. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

“ती आता बोलणार आहे,” मी म्हणाले.

“तिला शेंगा दे,” तो म्हणाला आणि जीपच्या थांब्याकडे निघून गेला.

ती बोलली नाही. पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, म्हणून सगळं आटोपतं घेतलं. ताई ठिपके लावलेल्या तोंडाने स्टेजच्या मागे उभी होती, आणि सर म्हणाले, अशा अवतारात भाषण बरं दिसत नाही. दुसरी आलेली मुलगी तयारच होती. ती बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराची, मूळ राजस्थानकडचं घर. तिने छान भाषण केलं. बोलायची ढालही फोटोपुरती तिच्याच हातात गेली; ती तिच्याच घराण्याने दिलेली, तिच्या आजीच्या नावाची.

ती मुलगी वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तक बदलायला आली तेव्हा मला म्हणाली, “तुझी बहीण माझ्यापेक्षा चांगली बोलते. सगळ्यांना माहितेय.” मग जरा थांबून हसली. “आणि आमची दादी तर परक्या माणसासमोर तोंडच उघडत नसे. पदर नाकापर्यंत. तिच्या नावाची ढाल बघ कशाची.”

बाने ताईला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. तिने दोनदा सांगायला सुरुवात केली. तो उठून गुरांकडे गेला. त्यानंतर ती त्या दगडावर चढली नाही.

*

ताई पुढे शिकली, धडगावकडे झेडपीच्या शाळेत शिक्षिका झाली. तिच्या वर्गात मुलं आपल्या बोलीत भाषणं करायची, मराठीतही करायची, आणि नाचात ज्याला यायचं तो यायचा. तिने हे मला हसत हसत सांगितलं होतं. बाकी तिचं सगळं आयुष्य दुखण्यांच्या मधल्या फटींत झालं. शेवटचं दुखणं छातीत उतरलं. दवाखान्यात मी तिच्याजवळ होते.

तिला घरी आणलं तेव्हा पाड्यातली एक म्हातारी बायकांत बसून बोलली, की पोरीने पाळणूक न करता भोपळे बांधले होते, ते असं कधीतरी निघतंच. बाने तिला गप्प केलं. पण तो ज्या घाईने बोलला त्यावरून मला कळलं, की हे त्याच्या मनात आधीपासून होतं. गॅदरिंगच्या दिवसापासून होतं.

मी शिकलेली. मी त्याला समजावायला बसले. हा आजार रक्ताचा असतो, बा, जन्माच्या आधीच ठरलेला. आई आणि बाप दोघांच्या रक्तात थोडा थोडा असला की मुलात पूर्ण उतरतो. त्याचा भोपळ्यांशी काही संबंध नाही.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे माझ्यापासून आला.”

त्यानंतर मी त्याला काही समजावलं नाही. ढालीचं मात्र मनावर घेतलं.

*

सर आता त्याच शाळेचे मुख्याध्यापक आहेत. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. ताईचं ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं असं मला वाटलं.

“ढाल ठेवू ना. माजी विद्यार्थी संघच करून देईल, तू काही बघू नकोस,” ते म्हणाले. “पण वक्तृत्वाला ढाल आहे गं आधीची. एका स्पर्धेला दोन ढाली कशा द्यायच्या?”

“कनिष्ठ गटाला द्या. पाचवी ते सातवी. तिथे नाही.”

“हं.”

“सर, बाची तेवढीच इच्छा आहे. बोलण्यासाठी.”

“बरं बरं. तुझ्या मनासारखं करू,” ते म्हणाले. मग मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “काय नाचायची गं पोरगी. अजून डोळ्यांसमोर आहे.”

त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही.

यंदाच्या गॅदरिंगला बोलावणं आलं. बाला मी सांगून ठेवलं होतं. तो मोलगीहून जीपने येणार होता. मी आधी पोचले. गेटवर फ्लेक्स लावला होता. त्यावर ताई होती. तेच ठिपके, तोच टोप, कंबरेला तेच भोपळे. खाली तिचं नाव, आणि ‘स्मृती फिरती ढाल, आदिवासी समूहनृत्य’.

स्टेजवर टेबलावर ढाल मांडलेली होती. हौसेने करून घेतलेली. मधोमध पितळेची नाचणारी मुलगी, आणि कारागिराने तिच्या कंबरेचा एकेक भोपळा वेगळा उठवला होता.

“सर, आपलं वक्तृत्वाचं ठरलं होतं.”

“अगं, समितीत विषय झाला. वक्तृत्वात तिला कोण ओळखणार? नाचामुळे तर ती सगळ्यांच्या लक्षात आहे. तिचाच मान आहे हा.” मग माझा चेहरा बघून जरा नरम झाले. “तुला फोन करणार होतो. राहून गेलं.”

“तो फ्लेक्स तरी काढा. बा येतोय.”

“आता? पाहुणे गेटवर आहेत.”

मी गेटकडे गेले. पाहुण्यांची गाडी आत येत होती आणि तिच्यामागून बा येत होता, धुतलेलं धोतर नेसून. त्याला वाचता येत नाही. पण तो फ्लेक्ससमोर उभा राहिला तो मागून आलेल्या दुसऱ्या गाडीच्या हॉर्नने बाजूला होईपर्यंत.

“घरी जाऊ,” मी म्हणाले.

“नाव तिचंच आहे ना?”

“नाव तिचंच आहे.”

“मग बसू,” तो म्हणाला.

या वेळी तो उठून गेला नाही. नाच झाला. मधल्या मुलीच्या कंबरेला भोपळे होते, आता प्लास्टिकचे. मी बाकडे बघितलं नाही. मग सरांनी माईकवरून ताईचं नाव घेतलं, आदिवासी संस्कृतीची थोर उपासक वगैरे म्हणाले, आणि ढाल द्यायला तिच्या वडिलांना वर बोलावलं.

बा वर गेला. नाचलेल्या मुली ओळीत उभ्या होत्या, धापा टाकत. सरांनी ढाल त्याच्यापुढे धरली. त्याने आधी ढालीकडे पाहिलं, मग त्या मधल्या मुलीकडे, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक धरले. सरांनी ढाल आणखी पुढे केली. त्याने हात सोडवले नाहीत. फोटोवाला “बाबा, इकडे बघा” म्हणत होता.

सगळं मैदान बघत होतं. सर माईककडे वळले आणि हळव्या आवाजात म्हणाले, “वडिलांना भावना आवरत नाहीत.”

टाळ्या झाल्या, खूप वेळ झाल्या. पाहुण्यांनी ढाल उचलून मुलींना दिली. बा तसाच पाठीमागे हात ठेवून पायऱ्या उतरून खाली आला.

*

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. शाळेने बाला शाल आणि नारळ दिले होते, ते माझ्या मांडीवर होते. समोर बसलेल्या सपाटीवरच्या बाईने विचारलं, “कोनं गॅदरिंग व्हतं वं ताई? मन्ही पोर बी नाचस. तिले बी भेटनी व्हती ढाल.”

“हो,” मी म्हणाले.

घाट सुरू झाला. जीप भरलेली, बोलणं चालू, कुणाच्या तरी पिशवीत कोंबडी. बऱ्याच वेळाने बा काहीतरी पुटपुटला. मला वाटलं पाणी मागतोय. मी वाकले.

“अध्यक्ष महोदय,” तो म्हणत होता. “पूज्य गुरुजनवर्ग. आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो.”

शब्द वाकडे होते, पण चाल तिचीच होती, जिथे ती श्वास घ्यायची तिथे तोही थांबला होता.

“पुढे?” त्याने मला विचारलं.

मला एवढंच आठवत होतं. “आमच्या पाड्याला रस्ता नाही, वाट आहे,” मी म्हणाले. “ती वाट आमच्या पायांनी पाडली आहे.”

“ऐकू येत नाही,” बा म्हणाला. “जोरात बोल. ती जोरात बोलायची.”

जीपमधली माणसं आमच्याकडे बघायला लागली होती. मी परत तेच म्हणाले, आणि मला माहीत आहे, की तेही त्याला ऐकू गेलं नाही.